अकरा खिशांची पँट

टेलरबाईंना डोंगराचा मनापासून राग होता. भीती म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, राग म्हणायचं. दुकानातल्या वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढायचा असला, तरी त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालातरी हाक मारायच्या आणि आपल्याला वेळ नाही म्हणून त्याला स्टुलावर चढवतोय असा आव आणायच्या. अशी ही बाई एका शनिवारी सकाळी 'डोंगरभटकंतीसाठी प्रथमोपचार, दोन दिवसांचा वर्ग' अशी पाटी लावलेल्या हॉलात पहिल्या रांगेत जाऊन बसली, हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी गल्लीत कुणाला खरं वाटलं नसतं. म्हणून तर बाईंनी कुणाला सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला तर मुळीच नाही. त्याला सांगितलं होतं, भाचीकडे पडदे शिवायला जातेय, दोन दिवस लागतील.

नवरा म्हणजे लिफ्टवाले. उभा जन्म त्यांनी लिफ्टा दुरुस्त करण्यात घालवला, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आठवडाभर लोकांना बसल्या जागी वर न्यायची सोय करायची आणि रविवारी स्वतः मात्र पायांनी वर चढायचं, हा त्यांचा शिरस्ता. अठ्ठावीस वर्षं ते एका मंडळाबरोबर दर रविवारी डोंगरात जायचे. बाई जायच्या नाहीत. पण डोंगरात जाताना नवऱ्याच्या अंगावर जे असे ते सगळं बाईंच्या हातचं असे, आणि त्यांची शिलाई म्हणजे साधीसुधी नव्हे. दुहेरी टाका, ताणाच्या जागी तिहेरी. गिऱ्हाईक म्हातारं व्हायचं, पण कपडा उसवायचा नाही.

गेल्या वर्षी उतरताना लिफ्टवाल्यांचा पाय सटकला. पंधरा-वीस फूट घसरत गेले, नडगीचं हाड मोडलं आणि पायाला खालपर्यंत मोठी जखम झाली. बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा ते शुद्धीवर होते, पण तोंड पांढरंफटक पडलं होतं. मंडळाचे सेक्रेटरी बाहेर बाकावर बसले होते. बाईंना धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या शिलाईला तोड नाही. आम्ही चौघांनी ओढली, पण पँट काही फाटेना."

बिचाऱ्यांनी कौतुकच केलं होतं. बाईंनी त्यांना चहा आणून दिला, आभार मानले, सगळं रीतसर केलं. पण ते वाक्य त्यांच्या पोटात जाऊन बसलं ते उठलंच नाही. रक्त नेमकं कुठून येतंय ते त्या चौघांना दिसलं नव्हतं, कारण पँट फाटत नव्हती. म्हणून त्यांनी पँटवरूनच काहीबाही गुंडाळलं होतं आणि खाली येईपर्यंत बूट रक्तानं भरला होता. पँट कुणी शिवली होती? आता ह्यावर कुणाशी काय बोलणार?

बाईंनी दुसरंच काही केलं. नवरा प्लास्टरमध्ये असताना त्यांनी नवी पँट शिवायला घेतली. डोंगरात घालायचीच. तीन आठवडे लागले. अकरा खिसे: नकाशाला एक, चाकूला एक, चष्म्याला मऊ अस्तराचा, गोळ्यांना झाकणाचा, आणि बाकीचे असेच, सुचत गेले तसे. डोंगरावर पुन्हा जाणार की नाही ह्याचा पत्ता नसताना ही पँट कशाला, असं लिफ्टवाल्यांनी विचारलं नाही. बाईंनाही सांगता आलं नसतं. माफी मागायची त्यांना हीच एक रीत ठाऊक होती.

पाय बरा झाला, पण जखमेचं ड्रेसिंग करायला कंपाउंडर घरी यायचा तेव्हा बाई नेमक्या पाणी आणायला नाहीतर दूध बघायला आत जायच्या. लिफ्टवाले घरात कायम लांब पायजमा घालायचे. तेव्हा त्या पायावर काय लिहिलंय ते बाईंनी वर्षभरात एकदाही वाचलं नव्हतं.

मग सेक्रेटरी घरी आले. घसा दोनदा खाकरला, पाणी मागितलं, ते अर्धंच प्यायले, आणि मंडळाचा नवा नियम सांगितला. साठीच्या पुढचा माणूस, त्यातून आधी जखमी झालेला, आता एकट्यानं येणार नाही. घरचं एक माणूस बरोबर हवं आणि त्या माणसाकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं. लिफ्टवाले म्हणाले, बरोबर आहे, नियम असाच पाहिजे. घरचं माणूस म्हणजे एक मुलगा, तो समुद्रापार, आणि एक बायको, ती स्टुलावर चढत नाही. विषय तिथेच संपला.

विषय संपला, पण रविवार येत राहिले. दर रविवारी सकाळी लिफ्टवाले माळ्यावरून बूट काढायचे, फडक्यानं पुसायचे, पॉलिश लावायचे, नाड्या सोडून पुन्हा ओवायचे आणि बूट परत माळ्यावर ठेवायचे. नंतर दुकानात येऊन बाईंना मदत करायचे. ही मदत म्हणजे एक ताप होता. एकदा त्यांनी सगळी बटणं आकाराप्रमाणे लावली, पुढच्या खेपेला भोकांप्रमाणे. चालत्या मशीनला तेल घातलं, आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर त्याचा ओघळ आला. बाई करवादायच्या, ते ऐकून घ्यायचे. हेही एक वेळ ठीक होतं. पण एका रविवारी त्यांनी बूट काढलेच नाहीत. बाईंनी विचारलं, तर म्हणाले, "स्वच्छच आहेत की."

नवरा रागावला, कुरकुरला, आदळआपट केली तर बाई त्याला पुरून उरल्या असत्या. असं शहाण्यासारखं गप्प बसणाऱ्या माणसाचं काय करायचं? दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाऊन वर्गात नाव घातलं. प्रमाणपत्र मिळालं तर सांगायचं, नाही मिळालं तर भाचीचे पडदे झिंदाबाद. उगाच माणसाला आशेला लावून तोंडघशी पाडायला नको.

वर्ग घेणाऱ्या सिस्टर तिशीच्या, चणीनं लहान, आवाजानं मोठ्या. चार दिवस इस्पितळात नोकरी करायच्या, उरलेले दिवस डोंगरात अडकलेल्या लोकांना खाली आणायच्या पथकात. त्यांनी बारा जणांच्या जोड्या लावल्या. बाईंच्या वाट्याला एक टॅक्सीवाला आला, अंगानं दोन माणसांएवढा एकच माणूस. त्याला पेशंट व्हायची भारी हौस. साधं मनगट मुरगळल्याचा प्रसंग दिला तरी तो असा कण्हायचा की शेजारच्या जोडीचा हात थांबायचा.

सिस्टरांनी पहिले दोन नियम सांगितले. एक, आधी स्वतः कुठे उभे आहात ते बघा. पेशंटशेजारी तुम्हीही पडलात तर दोन पेशंट होतात. दुसरा, हात लावायच्या आधी आपलं नाव सांगा आणि विचारा, मी मदत करू का, हात लावू का. बाईंना हसू आलं. माणूस रक्तात पडलाय आणि त्याला कसली परवानगी विचारायची? त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, त्या माणसाला न विचारता आधीच खूप काही झालेलं असतं. निदान आपण तरी विचारावं." बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

पहिला दिवस बाईंनी गाजवला. बँडेज गुंडाळलं तर त्याला सुरकुती नाही. हात गळ्यात बांधायची झोळी अशी बेतली की सिस्टरांनी सगळ्यांना जवळ बोलावून दाखवली. रबरी पुतळ्याच्या छातीवर दाब द्यायचा एक ठरलेला वेग असतो, बाकीचे त्यात मागेपुढे व्हायचे. बाईंचे हात बरोबर पडले, कारण त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात शिलाई मशीनचा पायटा चालवला होता. सिस्टरांनी घड्याळ बघितलं आणि भुवया उंचावल्या. त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या गुणगुणतच. लिफ्टवाल्यांनी विचारलं, पडदे कसे झाले? बाई म्हणाल्या, फारच छान, आणि मग पडद्यांचा रंग विचारला तर काय सांगायचं ह्या विचारानं रात्रीच्या भाजीत मीठ घालायला विसरल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि तीही बाहेर. शहराच्या कडेच्या एका टेकडीच्या पायथ्याशी, गवत आणि दगडगोटे असलेल्या उतारावर. उतार तसा किरकोळच होता. बाई आपल्या चपलांच्या टोकांकडे बघत तिथवर पोचल्या. बाकी सगळं सुरळीत झालं. शेवटचा प्रसंग राहिला: पायाला जखम, रक्त जोरात येतंय. प्रत्येकानं घरून एक जुनी पँट आणली होती ती पेशंटनं आपल्या कपड्यांवर चढवायची, आत सिस्टर लाल रंग भरलेली गळती पिशवी ठेवणार, आणि बोथट टोकाच्या कात्रीनं पँट कापून, जखम शोधून, तिच्यावर घट्ट दाब द्यायचा. हे सगळं एका मिनिटात.

टॅक्सीवाल्यानं गवतावर अंग टाकलं आणि टाहो फोडला. बाईंनी आजूबाजूला बघितलं, हातमोजे चढवले, नाव सांगितलं, हात लावू का विचारलं. टॅक्सीवाला म्हणाला, लावा मावशी, वाचवा. बाईंनी पँटच्या खालच्या घोळाला कात्री लावली आणि त्यांचा हात थांबला.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. बाईंनी एक्केचाळीस वर्षं रोज कापड कापलं होतं. पण कापड कापणं वेगळं आणि शिवलेलं कापणं वेगळं. ज्या मास्तरांकडे त्या सोळाव्या वर्षी शिकल्या, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की शिवलेल्याला कात्री लावायची नाही. चुकलं तर उसवायचं, टाक्यानं टाका, कुणाच्यातरी हातची मेहनत आहे ती. एकदा घाईत बाईंनी एका बाहीला कात्री लावली, तर मास्तरांनी त्यांना आठवडाभर नुसती बटणं लावायला बसवलं होतं. तेव्हापासून शिवलेल्या कपड्याला बाईंची कात्री शिवली नव्हती.

तर बाईंनी कात्री खाली ठेवली, पर्समधून टाके उसवायचं बारीक पातं काढलं आणि टॅक्सीवाल्याच्या पँटची कडेची शिवण उसवायला घेतली. सुंदर उसवत होत्या. एक धागा कापडाचा ओढला गेला नाही. टॅक्सीवाल्याचं कण्हणं हळूहळू बंद पडलं आणि तो कोपरांवर उठून बघायला लागला. गुडघ्यापर्यंत आल्यावर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मावशी, दादा गेले." टॅक्सीवाला म्हणाला, जाऊ दे सिस्टर, पँट वाचली.

सगळे हसले, बाईही हसल्या. सिस्टरांनी आणखी एक संधी दिली. ह्या खेपेला बाईंनी मनाचा हिय्या करून कात्री घेतली, पण हात आपोआप खिशात गेला आणि खडू घेऊन बाहेर आला. त्यांनी दुसऱ्या पायावर घोळापासून मांडीपर्यंत सरळ रेघ मारली. मग ती जरा तिरकी वाटली म्हणून पुसून परत मारली. मिनिट संपलं.

सिस्टर ह्या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं की तुम्हाला सगळं येतं, माझ्या वर्गात तुमच्याइतकं सफाईचं बँडेज कुणी बांधलं नाही, पण जखम बघितल्याशिवाय बाकीचं सगळं फुकट आहे, आणि मी सही करू शकत नाही. मी असे कपडे वरून गुंडाळलेले पेशंट खाली आणलेत, म्हणाल्या. बाईंनी मान डोलावली. त्यांनीही तसा एक पेशंट बघितला होता. पुढच्या रविवारी दुसऱ्या तुकडीबरोबर फक्त हा प्रसंग परत देता येईल, पण त्या तुकडीत जोडीला कुणी उरत नाही, आपला पेशंट आपण घेऊन या, असं सिस्टरांनी सांगितलं.

तो आठवडा बाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. दुकान बंद केल्यावर शटर अर्धं ओढून त्या जुने कपडे समोर घ्यायच्या. उशीचा अभ्रा घेतला, कात्री लावली, आणि उसवला. जुनं परकराचं कापड फाडलं, ते फाटलं, पण त्याला शिवणच नव्हती. गिऱ्हाइकानं वर्षानुवर्षं न नेलेला एक सदरा होता, तो तर त्यांनी काजं नीट करून परत घडी घालून ठेवला. चिडचिड व्हायला लागली. हाताला कामच हवं म्हणून मग त्यांनी अस्तराच्या उरलेल्या कापडाची तिकोनी बँडेजं बेतली, सिस्टरांनी दाखवली होती तशी, आणि सवयीनं त्यांच्या तिन्ही कडांना बारीक दुमडपट्टी घातली. पाच झाली. धुवून दोरीवर वाळत घातली.

लिफ्टवाल्यांनी ती बघितली. आयुष्यभर बंद पडलेल्या यंत्रापुढे उभं राहून, कुठे काय अडलंय ते न बोलता हुडकायचं, हाच ह्या माणसाचा धंदा. दोरीवरची बँडेजं बघून त्यांनी इस्त्रीच्या टेबलाखालच्या खणात हात घातला. तिथे वर्गाची पुस्तिका निघाली. त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि होती तशी ठेवली. शनिवारी दुपारी चहा पिताना म्हणाले, "उद्या तुझा पेशंट कोण आहे?"

आधी बाईंनी कसला पेशंट म्हणून बघितलं, पण समोरचा माणूस नुसता बघतच राहिला, तेव्हा त्यांचा बांध फुटला. पडद्यांपासून खडूपर्यंत सगळं सांगून टाकलं. आणि ते सांगता सांगता, जे वर्षभर पोटात ठेवलं होतं तेही बाहेर आलं. सेक्रेटरींचं वाक्य. चौघांनी ओढली तरी फाटली नाही ती पँट. "माझ्या शिलाईपायी तुमचं रक्त गेलं हो," बाई म्हणाल्या, "आणि आता परत तेच. माझ्यानं कापवतच नाही."

लिफ्टवाल्यांनी त्यांची समजूत घातली नाही. तसं काही नसतं गं, वगैरे काही बोलले नाहीत. चहा संपवला, दोन्ही कप विसळून ठेवले. मग म्हणाले, किती वाजता निघायचंय?

रविवारी सकाळी ते तयार होऊन बाहेर आले, आणि बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी अकरा खिशांची पँट घातली होती. कोरी. एकदाही न घातलेली. बाई म्हणाल्या, डोकं फिरलंय का तुमचं, जुनी खाकी घाला, ती कशीही जाणारच आहे. लिफ्टवाले माळ्यावरून बूट काढत होते. ते खाली न बघता म्हणाले, "जुन्या पँटवर पास होऊन काय उपयोग? डोंगरावर मी हीच घालणार आहे."

वाटभर नवऱ्याच्या मांडीवरचा तो मऊ अस्तराचा खिसा बाईंना शेजारी बसल्या बसल्या दिसत होता, आणि दर थोड्या वेळानं त्या दुसरीकडे बघत होत्या.

टेकडीच्या पायथ्याशी तेच गवत, तेच दगड. सिस्टरांनी लिफ्टवाल्यांना नमस्कार केला, ते कोण हे कळल्यावर बाईंकडे एक नजर टाकली आणि लिफ्टवाल्यांच्या पँटमध्ये लाल रंगाची ती पिशवी सरकवली. लिफ्टवाले गवतावर आडवे झाले. टॅक्सीवाल्यासारखं त्यांनी काही केलं नाही. नुसते पडून आभाळाकडे बघत राहिले, आणि त्या दिवशी हा माणूस असाच पडला असेल हे बाईंच्या ध्यानात आलं. सिस्टरांनी घड्याळाची कळ दाबली.

बाईंनी आजूबाजूला बघितलं. हातमोजे चढवले. नवऱ्याशेजारी गुडघे टेकले आणि पस्तीस वर्षांच्या संसारानंतर त्याला आपलं नाव सांगितलं. "मी प्रथमोपचार शिकलेय. तुम्हाला हात लावू का?"

लिफ्टवाल्यांनी मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं. "लावा, बाई," ते म्हणाले.

कात्री घोळापाशी गेली. तिहेरी टाका. तो घोळ त्यांनी एका दुपारी दोनदा उसवून तिसऱ्यांदा घातला होता, मनासारखा पडेना म्हणून. हात थांबला. सिस्टरांच्या घड्याळाची टकटक ऐकू येत होती. पंधरा सेकंद झाले, वीस झाले. बाईंच्या डोळ्यांपुढे मास्तर उभे राहिले, त्यांचा चष्मा, त्यांची फूटपट्टी.

"अगं," लिफ्टवाले हळूच म्हणाले, "मी वाट बघतोय."

बाईंनी कापली. तिहेरी टाका कात्रीखाली करकरला आणि तुटला. मग हात थांबला नाही. घोळापासून वर, गोळ्यांच्या खिशातून, त्याच्या झाकणातून, नकाशाच्या खिशातून, सरळ, खडूवाचून सरळ, मांडीपर्यंत. त्यांनी दोन्ही हातांनी कापड बाजूला केलं आणि पाय उघडा पडला.

लाल रंग नडगीवर पसरला होता, आणि त्याच्याखाली ती होती. गुडघ्याच्या खालपासून घोट्यापर्यंत, वाकडीतिकडी, चकाकणारी, मध्येच जाड झालेली. वर्षभर जी बघितली नव्हती ती खूण बाईंनी बघितली. पॅड घेतलं आणि तिच्यावर दोन्ही तळव्यांनी दाब दिला, कोपर ताठ, अंगाचा सगळा भार टाकून.

सिस्टर म्हणाल्या, अठ्ठेचाळीस सेकंद, झालं मावशी. बाईंनी हात काढला नाही. सिस्टरांनी परत सांगितलं, झालं, पास झालात. बाई तशाच दाबून बसल्या होत्या आणि त्यांचे अश्रू हातमोज्यांवर पडत होते.

"टाके वाकडे घातलेत," बाई म्हणाल्या. "किती वाकडे घातलेत मेल्यांनी."

"घाईत होते बिचारे," लिफ्टवाले म्हणाले. त्यांनी कोपरांवर उठून बाईंच्या मनगटावर हात ठेवला. सिस्टर कागदावर सही करायला म्हणून लांब जाऊन उभ्या राहिल्या, त्यांना सहीला एरवी इतका वेळ लागत नसे.

पुढच्या आठवड्यात बाईंनी ती पँट परत शिवली. खिशांची झाकणं नव्यानं बसवली, कापल्या जागी पट्टी लावली. पण पट्टीची शिलाई पक्की मारली नाही. दुसऱ्या पायाची शिवणही उसवली, आणि दोन्ही पायांना, घोळापासून मांडीपर्यंत, नुसता लांब टाक्यांचा कच्चा धावदोरा घातला आणि खाली दोऱ्याचं एक टोक मुद्दाम बोटभर लांब सोडलं. लिफ्टवाल्यांनी ते टोक चिमटीत धरून विचारलं, हे काय राहिलं? बाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली. वेळ आली तर एका ओढीत उघडली पाहिजे, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की चढता चढता आपोआपच उघडली तर चारचौघांत माझी काय शोभा? बाई म्हणाल्या, सुई बरोबर आहे माझ्या, तुमच्या शोभेची काळजी मी घेते.

आणि त्या रविवारी लिफ्टवाल्यांनी माळ्यावरून बूट काढले ते परत ठेवले नाहीत. सेक्रेटरींनी बाईंचं प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं, मागची बाजू कोरी होती तरी. मंडळी चढायला लागली. बाईंच्या पाठीवर प्रथमोपचाराची पिशवी, तिच्यात पाच तिकोनी बँडेजं, तिन्ही कडांना दुमडपट्टी घातलेली. नवीन बूट, तेही लिफ्टवाल्यांनीच पॉलिश केलेले. पहिला अर्धा तास बाई नवऱ्याच्या पायाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होत्या, त्यामुळे आपण किती वर आलो ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग वाट वळली, एका बाजूचा उतार एकदम खाली गेला, आणि खाली घरांची छपरं दिसली. एवढी एवढीशी.

बाईंचे पाय जमिनीला खिळले. त्यांनी एका दगडाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि पुढच्यांना ओरडून सांगितलं की तुम्ही व्हा पुढे, मी जरा ह्यांची पँट बघते. ह्यांची पँट चार पावलं पुढे, ठणठणीत होती.

लिफ्टवाले वळले. आधी स्वतः कुठे उभे आहोत ते त्यांनी बघितलं, पाय रोवला, मग दुसरा रोवला. खाली आले आणि बाईंच्या शेजारी, दरीच्या बाजूला, दुखऱ्या पायावर हळूच वाकले. त्यांनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट.

"मी हात लावू का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी एकदा खाली बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"लावा," त्या म्हणाल्या, आणि दगडाची मिठी सोडली.